पुष्पकमधली शेजारची जागा

मुलींनो, असं समजा की तुम्ही जुहूच्या वाळूवर उभ्या आहात. जानेवारीतली दुपार आहे. समुद्रावरून असा वारा येतोय की भेळवाल्याच्या कागदाच्या पुड्या उडू नयेत म्हणून त्याने त्यांच्यावर दगड ठेवलाय. तुमच्यासोबत एक मैत्रीण आहे. तिचा हात धरा आणि दोघी शेजारी शेजारी वाऱ्याच्या तोंडावर चालत जा. दोघींचे डोळे चुरचुरतील, दोघींचे फ्रॉक मागे फडफडतील. आता थांबा. तुम्ही तिच्या पाठीमागे जा आणि पुन्हा चाला. तिला वारा पहिल्याइतकाच लागेल, तुम्हाला मात्र फारसा लागणारच नाही. दोघींनी मिळून जेवढा वारा ढकलायचा होता तो आता पुष्कळ कमी झाला. चालणं सोपं झालं. फक्त आता तुम्हाला तिचा चेहरा दिसत नाही आणि तुम्ही काही बोललात तर तिला मान वळवावी लागते.

हे वाळूवरचं चालणं ध्यानात ठेवा, कारण आपल्या गोष्टीतली दोन विमानं नेमकी अशीच होती.

जुहूला एक जुनी धावपट्टी आहे. १९८०च्या सुमाराला तिच्या कडेला एक लहानसा खासगी क्लब होता, तिथे माणसं विमान चालवायला शिकत. आता तो क्लब राहिलेला नाही. त्याच्याकडे दोन म्हातारी विमानं होती, एक पायपर आणि एक पुष्पक. पायपर परदेशातून आलेलं, पुष्पक बंगलोरला बनलेलं. दोन्हींच्या पंखांवर पत्रा नव्हता, कापड होतं. दोघांना इंजिनही एकाच जातीचं, नव्वद घोड्यांच्या ताकदीचं. पायपरमध्ये दोन माणसं एकामागे एक बसत आणि पुष्पकमध्ये शेजारी शेजारी.

कुंदाचे वडील धोंडिराम त्या क्लबात काम करायचे. पंखांच्या लाकडी बरगड्या दुरुस्त करायच्या, त्यांच्यावर कापड चढवायचं, कापडाला डोप लावायचा. डोप म्हणजे कापड आवळून ढोलासारखं ताठ करणारं रोगण. त्याचा वास धोंडिरामच्या शर्टातून कधी गेला नाही. कापड शिवायला पूर्वी भाऊराव नावाचे म्हातारे होते. त्यांची नजर अधू झाली तेव्हा धोंडिरामने आपल्या बायकोला, शांताबाईला विचारलं. ती अंधेरीला गिल्बर्ट टेकडीच्या पायथ्याशी राहत्या खोलीत मशीनवर परकर-पोलकी शिवायची.

"विमानाचं पोलकं शिवशील का?" धोंडिराम म्हणाला.

"मापाला उभं राहील का ते नीट?" शांताबाई म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी गेली.

पंखाचं कापड बरगड्यांना मेण लावलेल्या दोऱ्याने टाचायचं असतं. शांताबाई पंखावर वाकून वरून लांब सुई घालायची, धोंडिराम पंखाखाली बसून ती सुई खालून परत पाठवायचा. ती म्हणायची, "वर." तो म्हणायचा, "आली." सातवीत शिकणारी कुंदा शाळा सुटल्यावर तिथे यायची आणि हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या त्या मोठ्या शेडमध्ये, गृहपाठ करायची. आई आणि बाबा घरी सुद्धा एकमेकांशी इतकं बोलत नाहीत, असं तिला वाटायचं.

धावपट्टीच्या कडेला खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी एक लांबट कापडी पिशवी होती, केशरी रंगाची. तीही शांताबाईनेच शिवलेली. कुंदा आत येताना आधी मान वर करून पिशवीकडे बघायची. पिशवीचं शेपूट समुद्राकडे असलं की वारा जमिनीवरून, शेपूट हँगरकडे असलं की वारा समुद्रावरून.

हँगरमध्ये एक रिवाज होता. कापड नव्याने चढवलं की त्यानंतरच्या पहिल्या उड्डाणात, ज्याने ते शिवलं त्याने वैमानिकासोबत बसायचं. भाऊराव म्हणायचे, "शिवलंय ना? मग बस." शिवणाऱ्याने बसायला नाही म्हटलं तर त्या शिवणीत काहीतरी खोट आहे असं धरायचे आणि सगळं कापड उसवून बघायचे. भाऊराव आयुष्यात इतक्या वेळा वर गेले होते की शेवटी शेवटी त्यांना विमानात डुलकी लागायची.

शांताबाईने चढवलेलं पहिलं पुरं कापड पुष्पकचं. ते पावसाळ्यानंतर पुरं झालं, पण विमान उडेना. पुष्पकचं इंजिन तडकलं होतं आणि तसलं नवीन आता मिळत नव्हतं. क्लबपाशी चालू इंजिन एकच राहिलं, पायपरचं. विमान नव्या कापडात, चकचकीत, दिवाळी संपली तरी हँगरमध्ये उभं होतं. आणि शांताबाई वाट बघत होती. तसं ती कुणाला म्हणाली नव्हती. पण एकदा तिने क्लबच्या शिक्षकांना, रतन सरांना विचारलं, "वर साडी उडत नाय ना?"

"दरवाजा बंद असतो, बाई," रतन सर म्हणाले. "साडी नाही उडत. पहिल्या वेळी पोट उडतं. एक लिंबू हातात ठेवा, वास घेत राहा."

त्यानंतर बाजारातून लिंबं आणली की शांताबाई एक बाजूला काढून ठेवायची. ते सुकलं की दुसरं.

जानेवारीत क्लबचे सेक्रेटरी नंदकुमार साहेब सगळ्यांना म्हणाले, "एका इंजिनावर दोन विमानं पोसता येत नाहीत. एकच ठेवायचं. कुठलं, ते मी ठरवणार नाही, कमिटी ठरवणार नाही, वेग ठरवेल. तेच इंजिन आधी पायपरला लावून मोजू, मग काढून पुष्पकला लावून मोजू. जे जास्त पळेल ते राहील. याहून सरळ काय असणार?"

कुंदाला ते फार आवडलं. कुणाच्या मर्जीवर काही नाही, मोजायचं आणि बघायचं. शिवाय तिला खात्री होती की पुष्पक हरणारच नाही.

"इंजिन तेच, घोडे तेवढेच," ती रतन सरांना म्हणाली. "मग दोघं सारखीच पळणार ना?"

रतन सर हँगरच्या दारात चहात खारी बुडवत होते. "एकच घोडा टांग्याला जुंपला आणि मग बैलगाडीला जुंपला, तर सारखा पळेल?"

"बैलगाडी जड असते."

"बरं, वजन सारखं धर. हे दोघं जवळपास तेवढेच आहेत. आता इकडे ये, पुढून बघ. पायपर कसा आहे? सडपातळ. एका माणसाच्या खांद्याएवढा. पुष्पक? दोन माणसं शेजारी बसतात, म्हणून छाती रुंद. प्रत्येक क्षणाला त्याला हवेत मोठं भोक पाडत जायचंय. घोडे नव्वदच, पण काम जास्त." त्यांनी खारी आडवी धरून कपात घालून दाखवली, मग उभी धरून. "कळलं ना?"

"म्हणजे पुष्पक हरणार?"

"थोडा. दहा-बारा मैलांनी. पण मैदानाभोवती गोल फिरून शिकायचं, त्यात दहा मैलांनी काय होतं? कमिटीला कळेल ते." खारीचा तुकडा चहात पडला. तो त्यांनी बोटाने काढला.

पायपरची मोजणी एका रविवारी सकाळी लवकर झाली. वर्सोव्याच्या खाडीच्या तोंडापासून जुहूच्या दक्षिण टोकापर्यंतचं अंतर नकाशावरून ठरलेलं. तेवढं जायला किती वेळ लागतो ते बघायचं. रतन सर पुढे बसले. मागच्या जागेवर नंदकुमार साहेबांचा भाचा बसला, त्याच्या हातात स्टॉपवॉच. तो याच विमानावर शिकत होता. खाली उतरल्यावर त्याने आकडा सांगितला. ताशी एकशे सहा मैल.

"झकास," नंदकुमार साहेब म्हणाले.

मग आठवडाभर मेकॅनिक लोकांनी इंजिन उतरवून पुष्पकवर चढवलं. पुढच्या रविवारी पुष्पक उडणार होतं, नव्या कापडातलं पहिलं उड्डाण. शांताबाईने हिरवी साडी नेसली, पदर दोन पिनांनी पक्का केला आणि मुठीत लिंबू घेतलं. धोंडिराम तिला म्हणाला, "वर गेल्यावर खाली आपली खोली दिसते का बघ. छपरावर माझी वाळत टाकलेली लुंगी असेल."

"ती कशाला बघू वर जाऊन? ती खाली रोज बघते," शांताबाई म्हणाली.

उड्डाण सकाळी व्हायचं होतं. पण नंदकुमार साहेब कुठल्याशा मुंजीला गेले आणि जेवून तीनच्या पुढे आले, सोबत भाचा.

रतन सर त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "साहेब, उद्या सकाळी करू या का? वारा उठलाय."

"उद्या मला वेळ नाही. आणि विमान आहे की पतंग? थोड्या वाऱ्याने काय होतं?" मग त्यांनी पुष्पकपाशी उभ्या असलेल्या शांताबाईकडे बघितलं. "या कोण बसणार आहेत का?"

"रिवाज आहे, साहेब," धोंडिराम म्हणाला. "कापड हिने शिवलंय."

"हो, हो, भाऊरावांचा तो रिवाज." नंदकुमार साहेब हसले. ते कधी आवाज चढवून बोलत नसत. "पण आज मोजणी आहे, धोंडिराम. पायपरमध्ये जो बसला होता तोच यातही बसायला हवा, नाहीतर वजनात फरक पडेल. मग म्हणाल साहेबांनी अन्याय केला. दोन्हीकडे सारखंच पाहिजे की नको? तुमच्या पोरीलाच विचारा, ती शाळेत विज्ञान शिकते. काय गं?"

सगळ्यांनी कुंदाकडे पाहिलं. कुंदाने विचार केला. तिला ते बरोबर वाटलं. एक गोष्ट तपासायची तर बाकीच्या सगळ्या सारख्या ठेवायच्या, हे बाईंनी वर्गात दोनदा सांगितलं होतं.

"आई, त्यांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "वजन तेवढंच लागतं. नाहीतर मोजलेलं खोटं ठरतं."

शांताबाई एक क्षण लेकीकडे बघत राहिली. मग बाजूला झाली. "माझं काय नाय," ती म्हणाली. "मी कुठं म्हटलं मला बसायचंय?"

"मोजणी झाली की तुम्हाला नेतील, बाई," नंदकुमार साहेब म्हणाले. "लगेच, दुसऱ्या फेरीला."

भाचा पुष्पकमध्ये रतन सरांच्या शेजारी चढला. दार लावताना त्याने नव्या कापडावर बोटाने टिचकी मारली. "मामा, आवाज तर ढोलकीचा येतोय. उडतंय की वाजतंय?"

विमान धावपट्टीवरून उठलं. शांताबाई कपाळावर हात धरून त्याच्या पंखांकडे बघत होती, जिथे आपण सुई घातली त्या जागा शोधत असल्यासारखी. सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळावरून त्या दुपारी सूचना होती की परत येताना समुद्रावरून लांबचा वळसा घ्यायचा. म्हणून या वेळी मोजणी जातानाच झाली, जुहूकडून वर्सोव्याकडे.

पुष्पक उतरलं तेव्हा भाच्याचा चेहरा पांढरा पडला होता. समुद्राच्या वाऱ्याने विमान सारखं हलत होतं. तो उतरून चाकाला टेकून बसला आणि म्हणाला, "मामा, वाट लागली माझी."

"कुणाकडे लिंबू आहे का?" नंदकुमार साहेबांनी विचारलं.

शांताबाई पुढे गेली आणि तिने मूठ उघडली. भाच्याने लिंबू घेतलं, नखाने साल खरवडून नाकाशी धरलं. थोड्या वेळाने त्याला आठवण झाली आणि त्याने स्टॉपवॉच मामाला दिलं.

"चौऱ्याहत्तर," नंदकुमार साहेबांनी हिशोब करून जाहीर केलं. "एकशे सहा आणि चौऱ्याहत्तर. बत्तीस मैलांचा फरक. मला वाटलं होतं थोडंफार होईल, पण हे म्हणजे फारच झालं."

कुंदाला तो फरक पटेना. रतन सर दहा-बारा म्हणाले होते. मग ती सवयीने मान वर करून पिशवीकडे बघू लागली. केशरी पिशवी आडवी ताठ झाली होती आणि तिचं शेपूट हँगरकडे होतं. मागच्या रविवारी सकाळी ते समुद्राकडे होतं, कुंदाने आत येताना बघितलं होतं. भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र तिच्यापुढे आलं. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे. त्या सकाळी मतलई वारा ईशान्येकडून येत होता आणि पायपर वर्सोव्याकडून दक्षिणेला येत होतं, म्हणजे वारा त्याला मागून ढकलत होता. आज खारा वारा वायव्येकडून आणि पुष्पक उत्तरेला, थेट त्याच्या तोंडावर.

वजन सारखं ठेवलं होतं. वारा ठेवला नव्हता.

ती रतन सरांना शोधत गेली. ते हँगरच्या मागे नळावर तोंड धूत होते.

"सर, वारा," ती म्हणाली. "पायपरला मागून होता. पुष्पकला पुढून."

त्यांनी पाण्याचा हात तोंडावरून फिरवला. "हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणून तर सकाळी करू म्हणालो."

"मग तो वजा करायला पाहिजे ना?"

"कर. दोन्ही वेळी दहाचा धर." शिकवायचं म्हटलं की रतन सरांचा आवाज बदलायचा, तसा आताही बदलला. "वारा मागून असेल तर विमानाचा स्वतःचा वेग किती?"

"एकशे सहातून दहा गेले. शहाण्णव."

"पुढून असेल तर?"

"चौऱ्याहत्तरमध्ये दहा मिळवायचे. चौऱ्याऐंशी." कुंदा थांबली. "बारा. फरक बाराच आहे, सर. तुम्ही सांगितला होता तेवढाच."

"शाबास. पण बाराने का होईना, पुष्पक हरलाच की, बेटा."

"मग बारानेच हरू द्या ना. बत्तीसने कशाला?"

रतन सरांनी नळ बंद केला. तो नीट बंद होत नव्हता, थेंब पडत राहिले. "शिकवताना पायपरमध्ये मी शिष्याच्या मागे बसतो," ते म्हणाले. "मला त्याची फक्त मान दिसते. पुष्पकमध्ये चेहरा दिसतो. घाबरला की लगेच कळतं, हात धरता येतो. नव्या माणसाला वेग नको असतो, शेजारी कुणीतरी हवं असतं. बारा मैल गेले तर गेले."

"मग हे साहेबांना सांगा."

"सांगितलं. मागच्या महिन्यात." ते तिच्याकडे न बघता रुमाल शोधू लागले. "पुष्पकचा सांगाडा एका कॉलेजला द्यायचा शब्द त्यांनी त्याच्याही आधी दिलेला आहे. भाच्याचे परवान्यासाठीचे उड्डाणाचे तास पायपरवर भरतायत, म्हणून पायपर ठेवायचं. ठरलेलं आहे ते."

"मग मोजलं कशाला?"

"कमिटीत कुणी विचारलं तर सांगायला."

कुंदाला रडू आलं नाही. तिला आठवलं, आई बाजूला झाली तेव्हा आपण काय म्हणालो होतो.

"आईला आता न्या," ती म्हणाली. "साहेब म्हणालेत, दुसऱ्या फेरीला. एकदाच."

रतन सरांनी मानेने हँगरकडे खूण केली. कुंदा धावत पुढच्या बाजूला आली. पुष्पकच्या नाकावरचं झाकण काढून झालं होतं. दोन मेकॅनिक इंजिनाचे नट सैल करत होते. ते अजून गरम होतं, म्हणून त्यांनी हाताला चिंध्या गुंडाळल्या होत्या.

नंदकुमार साहेब धोंडिरामला सांगत होते, "बुधवारी कॉलेजची गाडी येईल. त्यांना आतली रचना बघायची आहे, बरगड्या वगैरे. मुलांना शिकायला. तेव्हा कापड तेवढं काढून ठेवा."

"साहेब," धोंडिराम म्हणाला, "कापड नवं आहे. एकदाच वर गेलंय."

"म्हणून तर म्हणतो, सांभाळून काढा. कुठे कामाला येईल."

"आणि हिची फेरी?"

"अरे, इंजिन उतरवतायत ना ते आता. पायपर उडायला लागलं की बसवू तिला. पायपरमध्ये, मागे." त्यांनी शांताबाईकडे बघून मान हलवली. "नाहीतरी बाई, त्या विमानात आज काही मजा नव्हती. बघितलंत ना याची काय दशा झाली?"

भाचा लिंबू हुंगत होता. आता त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

धोंडिराम कात्री आणायला वळला, तर शांताबाईने ती त्याच्या हातून घेतली. "द्या इकडं," ती म्हणाली. "मी शिवलं, मीच उसवते. तुमच्या हातनं बरगड्या मोडतील." तिने पदराच्या पिना काढून तोंडात धरल्या, पदर कमरेला खोचला आणि पंखापाशी शिडीवर चढली. ताणलेल्या कापडाला पहिली चीर गेली तेव्हा मोठा आवाज झाला, आणि मेकॅनिक हातातलं काम सोडून वळून बघू लागले.

"कुंदा," नंदकुमार साहेबांनी हाक मारली. "तुझं अक्षर छान आहे म्हणे. संध्याकाळी कमिटी येणार आहे. जरा फळ्यावर दोन आकडे लिही, लांबून वाचता येतील असे मोठे. पायपर एकशे सहा, पुष्पक चौऱ्याहत्तर. बस."

हँगरच्या भिंतीवर काळा फळा होता, त्यावर कोण कधी उडणार ते लिहिलेलं असायचं, नेहमी इंग्रजीत. कुंदाने तो ओल्या फडक्याने पुसला. मग तिने खडू घेतला आणि मराठीत लिहायला लागली. शांताबाई चौथीपर्यंत शिकली होती, तिला मराठी वाचता येत होतं. कुंदाने दोन्ही आकडे सांगितले तसेच, मोठे लिहिले. त्यांच्याखाली तिने लिहिलं:

पायपर. सकाळी. मतलई वारा, मागून. मागच्या जागेवर साहेबांचा भाचा.

पुष्पक. दुपारी. खारा वारा, समोरून. शेजारच्या जागेवर साहेबांचा भाचा.

वारा सोडला तर फरक बारा.

आणि सगळ्यात शेवटी: पुष्पकचं कापड शिवणारी, शांताबाई. बसवली नाही.

शिडीवरचा कात्रीचा आवाज थांबला. शांताबाई फळ्याकडे बघत होती, पिना अजून तोंडात होत्या. रतन सर हँगरच्या दारात येऊन उभे राहिले आणि तिथेच थांबले.

नंदकुमार साहेब फळ्यापाशी आले. त्यांनी सगळं वाचलं. ते रागावले नाहीत. त्यांनी खिळ्याला अडकवलेलं डस्टर घेतलं आणि खालच्या ओळी एकेक करून, आकड्यांना धक्का न लावता, पुसून टाकल्या. "आता सुटसुटीत दिसतं," ते म्हणाले. "विचारलं तेवढंच लिहावं, बेटा. परीक्षेतही लक्षात ठेव."

"कुंदा," धोंडिराम पंखाखालून म्हणाला. "जाऊ दे. इकडं ये."

कुंदाने वडिलांकडे बघितलं, मग शिडीवरच्या आईकडे. आईने मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

नंदकुमार साहेब डस्टर हातात घेऊन अजून तिथेच उभे होते. कुंदाने खडूचा उरलेला तुकडा उचलला आणि त्यांच्या कोपराच्या बाजूने हात घालून, पुसलेल्या जागेवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला सुरुवात केली.